मूळ प्रत

माझे सासरे बत्तीस वर्षं जन्म-मृत्यू नोंदणीच्या खिडकीमागे बसले. त्या बत्तीस वर्षांत त्यांनी किती माणसांना "उद्या या" म्हणून परत पाठवलं ते त्यांनाही सांगता यायचं नाही. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी खिडकी त्यांच्या अंगातून गेलेली नाही. माझा नवरा सोडला तर घरात सगळे त्यांना 'साहेब' म्हणतात. सासूबाई होत्या तोवर त्याही म्हणायच्या. मीही म्हणते. तेवढ्याने म्हातारा खूश होत असेल तर आपलं काय जातं?

मी दातांच्या प्रयोगशाळेत काम करते. दंतवैद्य तोंडाची मापं पाठवतात, मी प्लास्टरचे साचे करते, मेण लावते, दात बसवते, कवळ्या घडवते. साहेबांच्या तोंडातली कवळीसुद्धा माझ्याच हातची. म्हणजे ते खोटं बोलतात तेव्हा त्यात थोडा हात माझाही असतो.

लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल झालं नाही, तेव्हा आम्ही दत्तक घ्यायचं ठरवलं. इथली यादी लांबलचक होती. दुसऱ्या एका देशातल्या अनाथालयाशी पत्रव्यवहार सुरू झाला आणि दोन वर्षांनी पाच महिन्यांच्या एका मुलीचा फोटो आला. ही दोन वर्षं साहेबांनी रोज जेवताना एकच पाढा वाचला. "कुणाचं रक्त, कुणाचं बी, आणि आपण नुसतं पाणी घालत बसायचं." नवरा ताटात बघायचा. त्याला ताटात बघायची फार चांगली सवय आहे.

आम्ही दोघं जाणार होतो. पण नवरा भूगोलाचा मास्तर. निघायच्या दहा दिवस आधी वर्गात जगाचा नकाशा टांगायला स्टुलावर चढला आणि नकाशासकट खाली आला. घोट्याचं हाड मोडलं. त्याचं मुखत्यारपत्र घेऊन मी एकटीच जाईन म्हटलं तर साहेब उभे राहिले.

"एकटी? परमुलखात? अगं सूनबाई, हे सगळं कागदांचं काम आहे. कागद म्हटला की तिथे जाणता माणूस लागतो."

"तुम्हाला तर हे पसंतच नाही ना?" मी म्हटलं.

"पसंत-नापसंत वेगळं. काम ते काम."

नवरा म्हणाला, "बरं होईल की. सोबत होईल तुला." मी हो म्हटलं. नाही म्हणायची ताकद होती, वेळ नव्हता.

साहेबांनी प्रवासासाठी नवे बूट घेतले, कुलपाची तपकिरी सुटकेस काढली, गळ्याभोवती घालायची उशी घेतली, आणि निळ्या, लाल, पिवळ्या खुणेच्या चिठ्ठ्या लावलेली एक जाडजूड फाइल तयार केली. शेजारपाजारी सांगत सुटले, "नातीला आणायला चाललोय." कालपर्यंतचं 'कुणाचं रक्त' एका फाइलीत नात झालं.

तिथे आम्ही दोन आठवडे राहिलो. अनाथालय एका लहानशा शहरात होतं, आणि ते चालवणाऱ्या बाईंना सगळे मेट्रन म्हणायचे. उंच, हाडकुळ्या, अंगाला फिनेलचा वास, चेहऱ्यावर माशी बसली तर तीही दचकून उडेल अशा. दोघींना येणाऱ्या एका तिसऱ्याच भाषेत आम्ही मोडकंतोडकं बोलायचो. पहिल्या दिवशी त्यांनी माझे हात उलटसुलट करून पाहिले. नखांत प्लास्टर होतं. ते कितीही घासलं तरी पूर्ण जात नाही.

"धुऊन या," त्या म्हणाल्या. मी धुतले. "पुन्हा."

मग त्यांनी माझी परीक्षाच घेतली. लंगोट बदल. पुन्हा बदल. दुधाची बाटली कर. पावडरीचा चमचा जरा उंच भरला तर माझ्या मनगटावर टिचकी मारली. "सपाट. ढीग नाही." मूल माझं होणार होतं आणि ही बाई मला मोलकरणीसारखी पारखत होती. संध्याकाळी नवऱ्याला फोन करून मी मनसोक्त बोलले. बाई नव्हे, फौजदार आहे म्हटलं. काळजाच्या जागी फिनेलची बाटली असणार म्हटलं.

एकदा त्यांनी व्हरांड्यात बसलेल्या साहेबांकडे मान वळवून विचारलं, "हा माणूस कामाचा आहे का?"

मला राग आला. शेवटी आपलं माणूस. मी म्हटलं, "कागदपत्रांत त्यांचा हात धरणारं कुणी नाही."

त्यांनी नुसतं नाकाने हं केलं.

न्यायालयाचा हुकूम चौदा तारखेला हातात पडला. दोन पानं, खाली न्यायाधीशांची सही आणि कागदातून वर उठलेला शिक्का, बोटाला लागेल असा. साहेबांनी त्याच्या सहा झेरॉक्स काढल्या आणि प्रत्येकीला खुणेची चिठ्ठी लावली. निघायच्या दिवशी सकाळी मी बाळाला कपडे घालत होते तेव्हा ते सुटकेस भरत होते.

"साहेब, मूळ प्रत माझ्या पर्समध्ये द्या."

"हातातलं हरवतं," ते म्हणाले. "प्रवासाचा नियम आहे. झेरॉक्स हातात, मूळ कुलपात. बत्तीस वर्षं हेच केलंय." माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी तो हुकूम प्लास्टिकच्या पाकिटात घातला, पाकीट बनियनांच्या चवडीत सरकवलं, सुटकेसला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. तेव्हाच मी भांडायला हवं होतं. पण बाळाने माझ्या खांद्यावर सगळं दूध ओकलं आणि मी टॉवेल शोधायला धावले. ती चूक माझी. ती मी नाकारत नाही.

पहिलं विमान लहान होतं, राजधानीपर्यंतचं. सुटकेस तिथेच थेट घरापर्यंत पाठवायला दिली होती, मध्ये उचलायची नव्हती. बाळ विमानात चढल्यापासून रडायला लागलं. दहा मिनिटांनी साहेब उठले आणि चार रांगा पुढे खिडकीपाशी जाऊन बसले. "तिथे माझी झोप व्हायची नाही," म्हणाले. मला मात्र झोपेची गरज नसावी असं त्यांनी गृहीत धरलं होतं. राजधानीच्या विमानतळावर उतरल्यावर मला तोंड धुवायचं होतं म्हणून पाच मिनिटं मी बाळ त्यांच्याकडे दिलं. परत आले तर पोर त्यांच्या पोटावर गाढ झोपलेली. लहान मुलांना माणसांची पारख असते म्हणतात. धादांत खोटं. पोट मोठं आणि ऊबदार होतं, एवढंच काय ते कारण.

"पाहिलंस? आजोबा ओळखले तिने," साहेब म्हणाले.

देशाबाहेर पडायच्या खिडकीवर एक तरुण अधिकारीबाई होती. चष्मा कपाळावर सरकवलेला, समोर चहाचा अर्धा कप. साहेबांनी फाइल अशी ठेवली की जणू परीक्षेचा पहिला नंबर दाखवतायत. तिने पानं चाळली, बाळाचा पासपोर्ट पाहिला, माझा पाहिला, पुन्हा पानं चाळली.

"न्यायालयाच्या हुकमाची मूळ प्रत?"

"झेरॉक्स आहे. साक्षांकित," साहेब म्हणाले.

"मूल देशाबाहेर जाणार असेल तर मूळ प्रत लागते. शिक्का हाताला लागला पाहिजे."

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. खिडकीच्या काचेत बघत ते शांतपणे म्हणाले, "मूळ प्रत हिच्याकडे दिली होती."

क्षणभर मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

"साहेब, ती तुमच्या सुटकेसमध्ये आहे. बनियनांत. सकाळी तुम्हीच ठेवलीत."

"मी? मूळ कागद मी सामानात टाकीन? मी?" ते अधिकारीबाईकडे बघून हसले. एका खिडकीवाल्याने दुसऱ्या खिडकीवाल्याकडे बघून हसावं तसं. "बाळाच्या गडबडीत हिचं डोकं ठिकाणावर नाहीये."

अधिकारीबाई हसली नाही. तिने विमान कंपनीच्या माणसाला बोलावलं. तो बिचारा धावत आला, हातात वायरलेस, गळ्यात पट्टा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अहो, मग सोपं आहे. सुटकेस आजोबांच्या नावावर आहे. ते विमानात चढले नाहीत तर नियमाप्रमाणे ती उतरवावीच लागते. वीस मिनिटांत इथे आणून देतो. कागद काढा, दाखवा. हे विमान चुकेल, पण सहा वाजता दुसरं आहे, त्यात तिघांना बसवतो."

इतकं सोपं होतं. साहेबांनी फक्त एका खुर्चीत बसून राहायचं होतं. आयुष्यभर त्यांनी दुसरं केलं काय होतं?

"बॅगेत नाहीच, तर उतरवून काय उपयोग?" साहेब म्हणाले.

"आजोबा, पाहायला काय हरकत आहे?" तो माणूस म्हणाला.

"माझ्या गोळ्यांच्या वेळा आहेत. माझे गुडघे आहेत. आणि मी थांबून करणार काय? तिकडे पोचलो तर चार ओळखी काढून काहीतरी करता येईल."

मला तेव्हा सगळं लख्ख दिसलं. त्यांना गुडघ्यांचं काही नव्हतं. ती सुटकेस या खिडकीसमोर उघडली गेली असती तर बनियनांतून पाकीट निघालं असतं, आणि कालपरवाच्या त्या पोरीने, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या पोरीने, ते पाहिलं असतं. बत्तीस वर्षांची अब्रू वीस मिनिटांत गेली असती. त्यापेक्षा सून आणि आठ महिन्यांचं मूल परक्या देशात सोडून जाणं त्यांना स्वस्त वाटलं.

"साहेब," मी म्हटलं, "मी कुणाला काही सांगणार नाही. तुम्ही फक्त थांबा."

हे मी बोलले याची मला आजही लाज वाटते. पण बोलले.

त्यांनी फाइल माझ्या काखेत सरकवली, बाळाच्या गालाला बोट लावलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. पर्स नीट बघ. मी पुढे जाऊन बघतो काय होतं ते." गळ्यात उशी अडकवली आणि गेले. वळून पाहिलं नाही. नवे बूट करकर वाजत होते.

ते दिसेनासे झाल्यावर माझ्या लक्षात आलं की दुधाच्या पावडरीचा डबा त्यांच्या हातातल्या पिशवीत होता. माझ्या कडेवर बाळ म्हणून त्यांनीच मोठेपणाने उचलला होता.

मी नवऱ्याला फोन केला. बाहेरच्या हॉलमध्ये, दोन खांबांच्या मध्ये, बाळ एका हातावर. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "बाबा म्हणतात बॅगेत नाहीये, तर नसेल. तू पर्सचे कप्पे नीट पाहिलेस का?"

"तुझे बाबा पोचले की ती सुटकेस तू स्वतः उघड."

"बघतो."

"बघतो नाही. उघड."

"हो गं. तू आधी शांत हो."

मी फोन बंद केला. शांत हो म्हणणारी माणसं नेहमी घरी पाय लांब करून बसलेली असतात.

मग ज्या बाईला मी फौजदार म्हटलं होतं तिला फोन लावला. दुसरं कुणी नव्हतंच. मी अर्धं सांगितलं असेल नसेल, मेट्रन म्हणाल्या, "आता किती वाजले? अडीच. न्यायालय चारला बंद होतं. फोन ठेव." आणि त्यांनीच ठेवला.

दुसऱ्या फोनची मी दोन तासांहून जास्त वाट पाहिली. अधिकारीबाईची पाळी संपली होती. जाताना ती मुद्दाम माझ्यापाशी आली आणि एक दुधाचा डबा आणि गरम पाण्याचा थर्मास माझ्या शेजारी ठेवून गेली. "डबा वेगळ्या कंपनीचा आहे. चालतो का बघा," एवढंच म्हणाली. पावणेपाचला मेट्रनचा फोन आला. "शिक्क्याची दुसरी प्रत मिळाली. रात्रीच्या गाडीने निघते. उद्या बारापर्यंत. तिला पाठीवर नाही, कुशीवर झोपव. ती ओकते." पुन्हा फोन बंद.

ती रात्र मी विमानतळाच्या हॉलमध्ये काढली. त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. बाळ रडलं, मी फिरले, बाळ झोपलं, मी बसले. फरशी पुसणाऱ्या बाईने तिचं यंत्र आमच्यापासून लांब नेलं, आवाज नको म्हणून. सकाळी सात वाजता मला हिशोबाने कळत होतं की साहेब आता घरी पोचले असतील. फोन आला नाही. मी केला. नवरा म्हणाला, "बाबा आल्या आल्या झोपलेत. उठले की विचारतो." मी पुन्हा केला नाही.

सव्वाबाराला मेट्रन आल्या. तेरा तास गाडीत बसूनही ताठच्या ताठ. हातात एक पाकीट आणि आमच्या बाळाच्या नेहमीच्या दुधाचा डबा. फिनेलचा तोच वास. मला वाटलं आता मी यांच्या गळ्यात पडून रडणार. पण त्यांनी आधी बाळ माझ्याकडून काढून घेतलं, लंगोट सोडून पाहिला आणि म्हणाल्या, "पुरळ आलाय. किती तास ओलं ठेवलंस?"

"मेट्रन, मी तुमचे आभार कसे..."

"आभार नंतर. मलम कुठे आहे?"

पाकिटातला कागद त्यांनी माझ्या बोटाखाली धरला. शिक्का हाताला लागला. त्या दोन तासांनी सुटणाऱ्या गाडीने परत जाणार होत्या. तिथे अजून एकोणीस मुलं होती. साहेबांबद्दल त्यांनी एक शब्द विचारला नाही. त्यांना विचारायची गरज नव्हती, त्यांनी पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं. मीच तेव्हा साहेबांच्या बाजूने बोलले होते. जाताना बाळाच्या कपाळावर त्यांनी अंगठा दाबला, पत्रावर तिकीट दाबावं तसा, आणि लांब ढांगा टाकत निघून गेल्या.

आम्ही संध्याकाळी निघालो आणि दुसऱ्या दिवशी दुपारी घरच्या विमानतळावर उतरलो. नवरा कुबडी घेऊन उभा होता. बाळाला पाहून त्याचे डोळे भरून आले. मला त्या क्षणी त्याचे डोळे नको होते, पण त्याने बाळाचे पाय हातात धरले आणि मी बाळ त्याच्या जवळ नेलं.

टॅक्सीत मी विचारलं, "सुटकेस उघडलीस?"

"कागद सापडला," तो म्हणाला. खिडकीबाहेर बघत होता.

"कुठे?"

"घरी चल. बाबांनी सगळ्यांना बोलावलंय."

दिवाणखान्यात साहेबांची बहीण म्हणजे आत्याबाई, त्यांचे यजमान, शेजारचे नवरा-बायको आणि साहेबांच्या कचेरीतले एक जुने सहकारी, ज्यांना आम्ही काका म्हणतो, असे सगळे बसले होते. चहाचे कप रिकामे झालेले. साहेब इस्त्रीच्या सदऱ्यात मधल्या खुर्चीत. आम्ही आत शिरलो तशी सगळी उठली, बाळाला पाहून कौतुक झालं, कुणी नाक बघितलं, कुणी कान. आत्याबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या,

"किती गं हाल झाले तुझे. पण मुख्य कागद घरी विसरून जायचं म्हणजे कमाल आहे हं! साहेबांनी शोधला म्हणून बरं."

"घरी?" मी म्हटलं.

"तुझ्याच टेबलाच्या खणात होता," साहेब म्हणाले. आवाजात ओरडा नव्हता. क्षमा होती. क्षमा! "जाऊ दे. पहिल्यांदा आई होताना असं होतं. मी आल्या आल्या खण पाहिला, वर तोच. तिथल्या त्या लोकांना मी म्हटलंच होतं, हिच्या डोक्यात बाळाशिवाय काही नाही."

"मोठं मन लागतं हो," शेजारीण म्हणाली.

मी बाळ नवऱ्याच्या मांडीवर दिलं. "साहेब, तो कागद जरा दाखवता?"

त्यांनी आनंदाने एक नवी फाइल काढली. त्यांनी त्यालाही पिवळी चिठ्ठी लावली होती. मी कागद हातात घेतला आणि काकांपुढे धरला. तेही सत्तावीस वर्षं त्याच कचेरीत होते.

"काका, खालची तारीख वाचता का? माझे डोळे चुरचुरतायत."

काकांनी चष्मा लावला. "चौदा."

"आम्ही घर सोडलं कधी? आत्याबाई, तुम्ही आला होतात ना निरोप द्यायला?"

"तीन तारखेला," आत्याबाई म्हणाल्या. "रविवार होता."

काकांनी कागद पुन्हा डोळ्यांपुढे धरला. तीन तारखेला घर सोडलेल्या बाईच्या खणात चौदा तारखेचा परदेशातला हुकूम कसा येईल? दोन दिवस हा कागद या दिवाणखान्यात हातोहात फिरला होता. दोन पदवीधर, दोन निवृत्त नोंदणीवाले, एक मास्तर, आणि एकालाही तारीख वाचावीशी वाटली नव्हती. सुनेची चूक सापडली की माणसं पुढचं वाचत नाहीत.

आणि साहेब! लबाडी करायची तर निदान बत्तीस वर्षांच्या अनुभवाला शोभेल अशी करायची होती. खोट्या तारखेचा कागद पुढ्यात आला म्हणून ज्यांनी म्हाताऱ्या-कोताऱ्यांना हेलपाटे घालायला लावले, त्यांना स्वतःच्या खोट्याची तारीख जुळवता आली नाही. त्यांच्या लबाडीचा मला राग होताच, पण खरं सांगू, तिच्यातल्या ढिसाळपणाची मला जास्त किळस आली.

"काहीतरी घोटाळा आहे," साहेब म्हणाले. वरची कवळी थोडी सैल झाली होती, शब्द फुसफुसला. "मला वाटतं, बॅगेतून काढताना... तिच्या कपड्यांत..."

काका उठले. "मला जरा निघायला हवं. भाजी आणायचीय." त्यांनी साहेबांकडे पाहिलंही नाही. शेजारच्यांना अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. आत्याबाईंनी यजमानांना खूण केली. दहा मिनिटांत दिवाणखाना रिकामा.

नवरा माझ्यामागे आतल्या खोलीत आला. बाळ त्याच्या खांद्यावर, कुबडी बगलेत.

"चारचौघांत बोलायला नको होतंस तू," तो म्हणाला.

"ते चारचौघांत बोलले, मी चारचौघांत बोलले."

"त्यांचं वय झालंय गं."

"वय त्यांचं त्या खिडकीवरही झालेलंच होतं. मला एक सांग. मी म्हटलं होतं सुटकेस तू स्वतः उघड. उघडलीस?"

तो पलंगाच्या कडेला बसला. बाळाने त्याच्या सदऱ्याचं बटण तोंडात घातलं होतं.

"बाबांनी आल्या आल्या खोलीला आतून कडी लावली. कुलूप उघडल्याचा आवाज आला. नंतर तुझा खण उघडल्याचा." त्याने बटण बाळाच्या तोंडातून काढलं. "मला कळलं होतं."

"सकाळी सात वाजता?"

"साडेसात."

मी तेव्हा हॉलमध्ये होते. याने मला तेव्हा फोन केला असता, नुसतं 'तुझं खरं होतं' म्हटलं असतं, तरी कागद काही उडत आला नसता. पण मला ते तीन शब्दही मिळाले नाहीत.

"मग बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तू निभावून नेशील. तू नेतेसच नेहमी."

अकरा वर्षं मी या वाक्याला कौतुक समजत होते.

"बाटली स्वयंपाकघरात आहे," मी म्हटलं. "पाणी उकळून गार कर. चमचा सपाट, ढीग नाही. कुशीवर झोपव. दर दोन तासांनी लंगोट बघ. मी झोपते."

"मला? एकट्याला? पाय बघ माझा."

"निभावून ने," मी म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड करून झोपले. बाळ रडायला लागलं. खूप रडलं. मी उठले नाही.

या सगळ्याला आता दीड वर्ष झालं. साहेबांनी आजतागायत कबूल केलं नाही. बाहेर कुणी विचारलं तर अजून सांगतात, "नातीला आणायला मी स्वतः गेलो होतो." हे शब्दशः खरं आहे म्हणून मी मध्ये बोलत नाही. फक्त परत कुणाबरोबर आली हे ते सांगत नाहीत. काका त्यांच्याकडे यायचे बंद झाले. कवळी सैल झालीय, घट्ट करून दे म्हणाले, तर मी त्यांना दंतवैद्याची चिठ्ठी आणायला सांगितली. आणली, तर तिच्यावर सही नव्हती. "उद्या या," मी म्हटलं. पोर त्यांच्या पोटावर अजून झोपते. झोपू दे. तिला कळेल तेव्हा कळेल.

नवरा बदलला, थोडा. त्या दुपारी त्याने सहा तास काढले आणि संध्याकाळी त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. आता तो दर कागद शेवटपर्यंत वाचतो, आणि एकदा जेवताना साहेबांनी रक्ताचा विषय काढला तेव्हा ताटातून मान वर करून म्हणाला, "बाबा, पुरे." एवढ्याला त्याला अकरा वर्षं लागली. मी त्याला शाबासकी दिली नाही. ज्याला जे आधीच यायला हवं होतं ते आलं म्हणून पेढे वाटत नाहीत.

मी महिन्यातून एकदा मेट्रनना फोन करते. पहिल्यांदा केला तेव्हा मी माफी मागितली. तुमच्याबद्दल काय काय बोलले होते तेही सांगितलं, फौजदार वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं की नाही देव जाणे, मागे कुणीतरी रडत होतं. त्यांचे फोन मिनिटभर चालतात. दात किती आले, चालते का, खोकला आहे का. मागच्या महिन्यात त्यांनी वजन विचारलं. मी मोठ्या अभिमानाने सांगितलं.

"कमी आहे," त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.